सहाव्या आठवड्यानंतर रनिंग बॅकचा सौदा: कोणाला द्यावे, कोणाला घ्यावे?

प्रश्न : तिसरी डाउन (टोपणनाव)

आमची अमेरिकन फुटबॉलची फॅन्टसी लीग (खऱ्या खेळाडूंचे काल्पनिक संघ करून त्यांच्या कामगिरीवर गुण मिळवण्याचा खेळ) १२ संघांची असून गुणपद्धती पूर्ण पीपीआर आहे, म्हणजे प्रत्येक कॅचला १ गुण, दर १० यार्डांना १ गुण आणि टचडाउनला, म्हणजे चेंडू गोलरेषेपलीकडे नेण्याला, ६ गुण. दर आठवड्याला दोन रनिंग बॅक (चेंडू घेऊन धावणारे), दोन वाइड रिसीव्हर (पास झेलणारे), एक टाइट एन्ड (अडवणारा आणि पासही झेलणारा) आणि एक फ्लेक्स (यांपैकी कोणत्याही प्रकारचा खेळाडू) खेळवावा लागतो. हंगाम संपला की सर्व खेळाडू सुटतात, त्यामुळे पुढच्या वर्षाचा विचार करण्याचे कारण नाही. माझे आतापर्यंत तीन विजय आणि तीन पराभव झाले आहेत. रिसीव्हरच्या जागा कमकुवत आहेत, मात्र रनिंग बॅक तीन आहेत. त्यांची नावे मी मुद्दाम देत नाही, कारण नाव आले की चर्चा त्या खेळाडूच्या चाहत्यांकडे वळते.

‘क’ हा २९ वर्षांचा आहे. गेल्या सामन्यात त्याने ११ कॅरींमध्ये, म्हणजे चेंडू घेऊन धावण्याच्या खेपांमध्ये, ३८ यार्ड आणि तीन टचडाउन केले, परंतु त्याच्याकडे एकही पास आला नाही. ‘ख’ हा दुसऱ्याच वर्षी खेळणारा असून काम दुसऱ्या एका बॅकबरोबर वाटून घेतो. त्याच सामन्यांच्या दिवशी त्याचे ९ कॅरींमध्ये ४४ यार्ड, ६ कॅच, ५१ यार्ड आणि शून्य टचडाउन होते. ‘ग’ हा एका जखमी ताऱ्याचा बदली खेळाडू आहे. तो तारा दहाव्या आठवड्याच्या सुमारास परतेल, असे त्याच्या संघाकडून सांगितले जाते, आणि तोपर्यंत ‘ग’ला भरपूर काम मिळते आहे.

माझ्यासमोर दोन प्रस्ताव आहेत. एक मॅनेजर ‘ख’च्या बदल्यात असा रिसीव्हर देतो आहे, ज्याच्याकडे दर आठवड्याला ९-१० पास फेकले जातात. दुसऱ्या मॅनेजरकडे तो जखमी ताराच आहे. त्याचे दोन विजय आणि चार पराभव झाले असल्याने तो घाईत आहे, आणि ‘क’ व ‘ग’ या दोघांच्या बदल्यात तारा द्यायला तयार आहे. मी काय करावे?

उत्तर : पाच यार्डांची रेष

पहिला प्रस्ताव नाकारावा आणि त्याच मॅनेजरला ‘ख’ऐवजी ‘क’ देऊ करावा, असे माझे मत आहे. कारण सविस्तर सांगतो.

आपण दिलेल्या आकड्यांवरून ‘क’ला २१.८ गुण मिळाले आणि ‘ख’ला १५.५. लीगमधील बहुतेकांच्या डोळ्यांत भरेल तो पहिलाच आकडा. परंतु टचडाउन बाजूला काढले, तर ‘क’चे केवळ ३.८ गुण उरतात, आणि ‘ख’चे मात्र १५.५ जसेच्या तसे राहतात. पीपीआरमध्ये ५ कॅच आणि ४० यार्ड म्हणजे ९ गुण होतात. तेवढेच गुण नुसत्या धावण्यातून मिळवायचे, तर ९० यार्ड लागतात, आणि दर कॅरीला साडेचार यार्ड अशी चांगली सरासरी धरली तरी त्यासाठी २० वेळा चेंडू हाती यावा लागतो. ज्याला ११ वेळाच चेंडू मिळतो आणि ज्याच्याकडे पास येत नाही, त्याचा आठवडा टचडाउनशिवाय गेला की आपलाही आठवडा गेला.

म्हणून ट्रेड करताना गुण न पाहता काम पाहावे. तिसऱ्या डाउनला (दहा यार्ड पुढे जाण्याच्या चारपैकी तिसऱ्या प्रयत्नाला, ज्यात बहुधा पास फेकला जातो) मैदानावर कोण असतो, संघ पिछाडीवर पडल्यावर कोणाला बाहेर बसवले जाते, एकूण स्नॅपपैकी (संघाने खेळलेल्या चालींपैकी) किती स्नॅप त्याच्या वाट्याला येतात आणि त्यांपैकी किती वेळा तो पास घेण्यासाठी पुढे धावतो, हे आकडे सामन्याच्या दुसऱ्या दिवशीच उपलब्ध होतात. किंमत मात्र आठ-पंधरा दिवस उशिराने बदलते, आणि सौदा करण्याची जागा या मधल्या काळातच असते.

एक सावधगिरी येथेच नोंदवतो. टचडाउन म्हणजे निव्वळ नशीब, असे समजणेही चुकीचे आहे. २०२३ मध्ये डेट्रॉइट लायन्सकडून डेव्हिड माँटगोमेरीने केवळ १६ कॅच घेतले, तरीही १,०१५ यार्ड आणि १३ टचडाउन धावून केले. त्याच संघातील जामिर गिब्जने ५२ कॅच घेतले आणि धावून १० टचडाउन केले. गोलरेषेजवळची कामगिरी प्रशिक्षकाने एखाद्याकडे कायमची सोपवली असेल आणि संघ वारंवार तेथपर्यंत पोहोचत असेल, तर तीही एक भूमिकाच असते. त्यामुळे ‘क’ला देण्यापूर्वी त्या ११ कॅरींपैकी किती पाच यार्डांच्या आत होत्या, आणि आधीच्या पाच सामन्यांत तशा किती मिळाल्या होत्या, हे जरूर पाहावे. तीन टचडाउन एकाच सामन्यात आणि उरलेल्या पाचांत मिळून एखादेच, असे चित्र असेल, तर आजच्यासारखी किंमत पुन्हा येणार नाही.

त्याच्या वयाचा मी फारसा बाऊ करणार नाही. डेमार्को मरेने २०१४ मध्ये डॅलसकडून ३९२ कॅरींमध्ये १,८४५ यार्ड केले आणि पुढच्या वर्षी फिलाडेल्फियाकडून तो ७०२ यार्डांवर आला, हे उदाहरण सगळेच देतात. परंतु डेरिक हेन्रीने २०२४ मध्ये वयाच्या तिसाव्या वर्षी बाल्टिमोरकडून १,९२१ यार्ड आणि धावून १६ टचडाउन केले. आपल्या लीगमध्ये तर प्रश्न पुढील ११ आठवड्यांचाच आहे. वयाचा उपयोग झालाच तर एवढाच, की समोरचा माणूस ते कारण पुढे करून भाव पाडतो.

उत्तर : बेंचवरचा

दुसऱ्या प्रस्तावाविषयी लिहितो, कारण अगदी असाच प्रसंग २०२४ मध्ये घडून गेला आहे.

सॅन फ्रान्सिस्कोचा रनिंग बॅक ख्रिश्चन मॅकॅफ्री त्या वर्षी बहुतेक लीगमध्ये सर्वांत आधी निवडला गेला, कारण २०२३ मध्ये त्याने एकूण २१ टचडाउन केले होते. हंगामाच्या पहिल्याच सामन्याला तो मुकला, आणि त्याच्या जागी आलेल्या जॉर्डन मेसनने जेट्सविरुद्ध २८ कॅरींमध्ये १४७ यार्ड केले. एका रात्रीत मेसनचा भाव चढला. पुढे कित्येक आठवडे अनेकांनी त्याला ‘आज नको, उद्या विकू’ म्हणत धरून ठेवले. मॅकॅफ्री दहाव्या आठवड्यात परतला आणि मेसनला कोणी विचारीनासे झाले. मग १ डिसेंबरला बफेलोच्या बर्फात मॅकॅफ्रीचा गुडघा दुखावला. विम्यासाठी मेसनला जपून ठेवणाऱ्यांना तरी फायदा झाला असेल असे वाटेल, पण तोही त्याच सामन्यात घोट्याला दुखापत होऊन हंगामाबाहेर गेला आणि काम तिसऱ्याच खेळाडूकडे, आयझॅक गेरेंडोकडे गेले. ज्यांनी मॅकॅफ्री विकत घेतला, त्यांना त्याचे चार सामने मिळाले.

‘ग’ विकावा, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. परंतु त्याच्यासोबत ‘क’ही देऊन तारा घेणे म्हणजे हातचे सोडून पळत्याच्या पाठी लागणे आहे. आपण तीन-तीनवर आहात. सातवा, आठवा आणि नववा आठवडा आपण कोणाला खेळवून जिंकणार?

उत्तर : फ्लेक्सची जागा

वरील उत्तराशी मी अर्धाच सहमत आहे. बदली खेळाडू लगेच विकावा, हा नियम नेहमी लागू पडत नाही. २०१८ मध्ये पिट्सबर्गचा लेव्हियॉन बेल करारावरून अडून बसला, तेव्हा तो काही आठवड्यांत येईल असे गृहीत धरून त्याचा बदली खेळाडू जेम्स कॉनरला विकणारे पुष्कळ होते. बेल संपूर्ण हंगामात आलाच नाही, आणि कॉनरने १३ सामन्यांत ९७३ यार्ड आणि धावून १२ टचडाउन केले. मुख्य खेळाडू कशामुळे बाहेर आहे, यावर सर्व काही अवलंबून असते. करार, निलंबन, हाड मोडणे आणि स्नायूचे जुनाट दुखणे या चार वेगवेगळ्या गोष्टी आहेत, आणि त्यांतील शेवटच्या प्रकारात ‘दहाव्या आठवड्यात येईल’ या वाक्याला फार थोडा अर्थ असतो.

दुसरे असे की, कोणीही ‘ग’ची किंमत विचारात घेताना तो कोणाला विकला जाणार आहे, याकडे लक्ष दिलेले नाही. लीगमधील दहा मॅनेजरांसाठी ‘ग’ म्हणजे तीन-चार आठवड्यांचा आधार आहे. ज्याच्याकडे तारा आहे, त्याच्यासाठी मात्र तो आजची भर आणि पुढचा विमा, असे दोन्ही आहे. त्यामुळे सर्वांत जास्त भाव तोच देऊ शकतो. तो चार वेळा हरला आहे. त्याला ताऱ्याची नव्हे, येत्या रविवारच्या गुणांची गरज आहे, आणि ती गरज त्याने स्वतःच प्रस्तावातून उघड केली आहे. अशा वेळी त्याचाच प्रस्ताव जसाच्या तसा स्वीकारण्याची घाई का करावी? ‘ग’ आणि आपल्या बेंचवरचा एखादा बऱ्यापैकी रिसीव्हर यांच्या बदल्यात तारा मागून पाहावा. त्याने नकार दिला, तर फार तर एक संदेश वाया जाईल.

दोन देऊन एक घेताना आपल्या बेंचवर एक जागा रिकामी होते आणि समोरच्या मॅनेजरला मात्र कोणाला तरी सोडावे लागते, हेही हिशेबात धरावे. त्याने सोडलेला खेळाडू वेव्हरवर, म्हणजे कोणाच्याही संघात नसलेल्यांच्या यादीत, येतो, आणि तो कधीकधी कामाचा निघतो.

प्रश्नकर्त्याचे प्रत्युत्तर : तिसरी डाउन

सर्वांचे आभार. ‘क’च्या कॅरी तपासल्या. गेल्या सामन्यातील ११ पैकी चार पाच यार्डांच्या आत होत्या, परंतु त्याआधीच्या पाच सामन्यांत मिळून तशा केवळ तीनच होत्या. तिसऱ्या डाउनला तो मैदानावर जवळजवळ नसतोच. त्यामुळे रिसीव्हर देणाऱ्या मॅनेजरला मी ‘ख’ऐवजी ‘क’ देऊ केला. त्याने ‘क’सोबत माझा दुसरा टाइट एन्डही मागितला आहे. ताऱ्याच्या मालकाला अजून काही पाठवलेले नाही. ताऱ्याची दुखापत स्नायूची आहे, हाडाची नाही. आमच्याकडे ट्रेडची मुदत अकराव्या आठवड्यानंतर संपते आणि प्लेऑफ १५ ते १७ या आठवड्यांत होतात.

उत्तर : पाच यार्डांची रेष

टाइट एन्ड देऊन टाका. दोन टाइट एन्ड बाळगण्याची चैन तीन-तीनवर असलेल्या संघाला परवडत नाही, आणि दर आठवड्याला ९-१० वेळा ज्याच्याकडे पास येतो, तो रिसीव्हर आपली दुबळी जागा भरून काढतो.

ताऱ्यासाठी ‘ग’खेरीज कोणत्याही खेळवण्याजोग्या बॅकची भर घालू नका. स्नायूचे दुखणे पाहता तो परतलाच, तरी पहिल्या एक-दोन सामन्यांत त्याच्याकडून मोजकेच काम करून घेतले जाईल, आणि तोपर्यंत आपली ट्रेडची मुदतही संपलेली असेल. म्हणजे नंतर तो पुन्हा जखमी झाला, तर त्याला विकून मोकळे होण्याची वाट नाही. ‘ग’ आणि एका रिसीव्हरवर तो मिळाला, तर जरूर घ्या, कारण प्लेऑफच्या तीन आठवड्यांत एकटा तोच हंगाम फिरवू शकतो. न मिळाल्यास ‘ग’ला आठव्या आठवड्यापर्यंत खेळवा आणि मग दुसऱ्या कोणाला तरी द्या. नववा उजाडेपर्यंत थांबू नका, कारण तारा सरावाला उतरल्याची बातमी आली की त्या दिवसापासून ‘ग’साठी कोणी दमडी देणार नाही.

ताऱ्याच्या मालकाला प्रस्ताव मंगळवारी पाठवावा, एवढे सुचवतो. सोमवारचा सामना संपलेला असतो, पाचव्या पराभवाचा आकडा त्याच्यासमोर ताजा असण्याची शक्यता असते, आणि वेव्हरवरून रिकामी जागा भरण्याची संधी त्याला अजून मिळालेली नसते.