नाइट ड्युटीनंतरच्या हँडओव्हरमध्ये (पुढच्या पाळीला पेशंट सोपवताना) गोष्टी कुठे सुटतात?

प्रश्न: जेआर1 (पहिल्या वर्षाचा निवासी डॉक्टर), मेडिसिन (नागपूर)
वॉर्डात 40 पेशंट, 8 वाजता राउंड. रात्रीचा निवासी ‘सगळे स्टेबल’ म्हणून जातो. दुपारी कळतं, पहाटेचा पोटॅशियमचा रिपोर्ट कुणी पाहिलाच नाही. नातेवाइकांनाही रात्री एक सांगितलेलं असतं, सकाळी दुसरं. नेमकं काय बदलावं?

सीनिअर_निवासी
बेड क्रमांकाने जाऊ नका. सुरुवातीचा वेळ साध्या तापावर जातो आणि बेड 38 चा सेप्सिस (संसर्गाने अवयव बिघडण्याची जीवघेणी अवस्था) दोन शब्दांत उरकतो. आधी सिरिअस, मग नवीन अॅडमिशन, मग बाकीचे.

सिरिअस पेशंटचं निदान, रात्री काय बदललं, कोणता रिपोर्ट यायचाय आणि तो कोण बघणार, हे नावानिशी सांगा. त्यापुढचं ‘असं आलं तर काय’ हेच बहुतेक वेळा राहून जातं. ‘पोटॅशियम बघून घे’ पुरत नाही. ‘6.5 च्या वर आलं तर लगेच ईसीजी. टी वेव्ह टोकदार किंवा क्यूआरएस रुंद असेल (ईसीजीच्या लहरींतले धोक्याचे बदल) तर 10 टक्के कॅल्शियम ग्लुकोनेट शिरेतून सावकाश, मॉनिटर लावून, आणि मला फोन’ असं सांगा. घेणाऱ्याने ते परत म्हणून दाखवायचं. नमुना हिमोलाइज झाला (त्यातल्या रक्तपेशी फुटल्या) तर आकडा खोटा वाढतो हे खरं, पण ईसीजी बिघडला असेल तर दुसऱ्या नमुन्याची वाट बघत बसू नका.

आयसीयू_सिस्टर
डॉक्टरसाहेब, आम्हालाही तिथे उभं करा. रात्रभराची लघवी किती झाली ते आमच्या चार्टवर असतं. आणि फोनवर डोस सांगताना अंक सुटे बोला: ‘पंधरा, एक-पाच’. गडबडीत पंधराचं पन्नास ऐकू येतं.

मेडिसिन_लेक्चरर
नातेवाइकांचं म्हणाल, तर गडचिरोली-बालाघाटहून आलेल्या पेशंटजवळ रोज माणूस बदलतो. पहिल्याच दिवशी केसपेपरवर एकाचं नाव, नातं, मोबाइल लिहा. नुसतं ‘सिरिअस आहे’ म्हणू नका. ‘बीपी औषधावर टिकून आहे, लघवी कमी झाली, जिवाला धोका आहे’ असं सांगा, गरज पडली तर हिंदीत. मग विचारा, ‘घरच्यांना फोनवर काय सांगाल?’ समजलं की नाही ते तिथेच कळतं. जे सांगितलं ते वेळेसह लिहून सही करा, म्हणजे पुढच्या पाळीचा डॉक्टर तेच सांगेल.

जेआर1
आणि पहाटे डोळेच मिटतात तेव्हा?

सीनिअर_निवासी
सोबतच्याला फोन देऊन 20 मिनिटं झोप. उठल्यावर पहिली 10-15 मिनिटं डोस लिहू नको, डोकं जड असतं. ड्युटीनंतर झोप अनावर असेल तर गाडी हॉस्पिटलातच राहू दे, ऑटोने जा. झोप उडणं, सतत रडू येणं सुरू झालं तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 वर मराठीतही बोलता येतं, ते फक्त पेशंटसाठी नाही.