गालाची कातडी ढिली पडली: हायफू की आरएफ?

आर्णीची ताई:
वय 46, दिवसभर वावरात असते. तालुक्याच्या पार्लरमध्ये कातडी आवळायचं हायफू मशीन स्वस्तात करून देतात. नागपूरच्या त्वचारोगतज्ज्ञ बाई म्हणाल्या, आरएफ घ्या, म्हणजे रेडिओ लहरींनी कातडी तापवून आवळायची. मलाही तेच पटलं. हायफूमध्ये अल्ट्रासाउंड एका बिंदूवर गोळा करून कातडीखाली 1.5, 3 नाहीतर 4.5 मिलिमीटरवर चटका देतात. माझे गाल आधीच बसलेले, त्या चटक्यानं आहे ती चरबीही गेली तर चेहरा आणखी ओढलेला दिसेल. आरएफची उष्णता पसरून लागते. तुमचं काय मत?

वर्धेकर:
मला नाही पटलं. जबड्याची रेष सुटली असेल तर आरएफ पुरत नाही. 4.5 मिलिमीटरला स्नायूंवरचा पडदा असतो, फेसलिफ्टमध्ये सर्जन तोच ओढतात. अशा मशीनला अमेरिकेच्या एफडीएनं, म्हणजे तिथल्या औषधं-उपकरणं तपासणाऱ्या सरकारी संस्थेनं, 2009 सालीच भुवई उचलण्यासाठी मान्यता दिली. माझ्या बहिणीनं केलं. फरक तिसऱ्या महिन्यात दिसला, नवं कोलॅजन, म्हणजे कातडी घट्ट ठेवणारं प्रथिन, बनायला तेवढा वेळ लागतोच. घाबरायचं तर चालवणाऱ्या हाताला घाबरा.

आर्णीची ताई:
तेच तर म्हणते! पार्लरच्या पोरीला विचारलं, कार्ट्रिज, म्हणजे मशीनच्या टोकाचा भाग, किती खोलीची लावता? तिनं डबा उघडून दाखवला, पण खोली सांगता आली नाही. जबड्याच्या काठावरून चेहऱ्याचे स्नायू हलवणारी नस जाते. तिला धक्का बसला तर ओठ काही आठवडे वाकडा राहू शकतो. आणि मान्यतेचंच म्हणाल तर आरएफलाही 2002 पासून आहे, डोळ्यांभोवतीच्या सुरकुत्यांसाठी.

दारव्ह्याचा भाऊ:
ताई, राग मानू नका, पण काऊन पैसे जाळून राह्यल्या? मे महिन्याचं ऊन कोलॅजन तोडते, मशीननं केलेलं पुढच्या उन्हाळ्यात जाईन. तोंडाला दुपट्टा बांधा, सनस्क्रीन लावा. तंबाखूची धुरी घेत असाल तर तेही सोडा.

पुसदची सिस्टर:
भाऊ, दुपट्ट्यानं पुढचं नुकसान थांबते, लटकलेली कातडी वर येत नाही. उन्हाचं मात्र खरं बोललात, उपचारानंतर तर ते टाळायलाच पाहिजे. आपल्या सावळ्या रंगाला लेझरपेक्षा ही दोन्ही बरी, कारण यांची ऊर्जा कातडीचा रंग शोषत नाही. तरी भाजलंच तर काळा डाग महिनोनमहिने जात नाही. ताई, आरएफ सुयांचं आहे की बिनसुयांचं, हे आधी विचारा. सुयांच्या आरएफबद्दल भाजणं, व्रण, चरबी झिजणं अशा तक्रारी आल्यानं एफडीएनं 2025 च्या ऑक्टोबरात सावध केलं आहे. छातीत पेसमेकर असेल तर आरएफ नकोच.

आर्णीची ताई:
बिनसुयांचंच आहे, पेसमेकर नाही. आणि भाऊ, पैसे माझ्या शिलाईचे आहेत, घरचे नाहीत. उन्हात राबून चेहरा गेला, तो थोडा सावरावा वाटलं तर त्यात जाळणं कसलं?

वर्धेकर:
बरोबर आहे तुमचं. पण बाईंना एवढं विचारा, गाल सोडून फक्त हनुवटीखाली हायफू चालेल का? तिथली चरबी थोडी कमी झाली तर फायदाच.

आर्णीची ताई:
हे विचारते. गालाला मात्र आरएफच, आणि तेही नागपूरलाच.