मदत हवी आहे: मरळीसाठी अधिवासाचा निर्देशांक काढताना ऑक्सिजनचं काय करायचं?

मंडळी, एका उथळ, पाणवनस्पतींनी भरलेल्या तळ्यात मरळीसाठी (चन्ना स्ट्रायटा) अधिवास कितपत योग्य आहे, हे आकड्यात मांडायचं काम अंगावर घेतलंय. एका घटकापाशी गाडं अडलंय.

पद्धत ओळखीचीच. अमेरिकेच्या मत्स्य व वन्यजीव सेवेने १९८०च्या दशकात रूढ केलेली: प्रत्येक घटकाला ० ते १ गुण द्यायचे आणि त्यांचा मेळ घालून एक निर्देशांक काढायचा. माझे घटक चार. खोली ०.८, पाणवनस्पती ०.९, पावसाळ्यात बुडणारा उथळ काठ ०.७ आणि विरघळलेला ऑक्सिजन ०.०५. हा शेवटचा गुण पहाटेच्या मापावरून दिलाय. साडेपाचला मीटर १.४ मिग्रॅ प्रति लिटर दाखवत होता, दुपारी त्याच जागी ८ च्या वर.

चौघांचा भूमितीय मध्य (चारही गुणांचा गुणाकार करून त्याचं चौथं मूळ) काढला तर ०.४० येतो. सगळ्यात कमी गुण तोच निर्देशांक, असं धरलं तर ०.०५. ऑक्सिजन वगळला की थेट ०.८०! तळं एकच आणि निकाल तीन.

गंमत म्हणजे १.४ चा आकडा वहीत लिहीत असतानाच समोर दहा फुटांवर मरळ वर आली, ‘पच्च’ करून हवा घेतली आणि दोन बुडबुडे सोडून खाली गेली. मोठी मरळ हवेवर जगते. पृष्ठभागावर येऊ दिलं नाही तर पाण्यातच गुदमरते. ऑक्सिजनच्या मापावरून गुण ठरवायला मी वापरलेला आलेख मात्र निव्वळ कल्ल्यांवर श्वास घेणाऱ्या माशांचा आहे.

मग हा घटक काढूनच टाकू का? आकडा अडचणीचा आला म्हणून काढला, असं कोणी म्हणालं तर माझ्याकडे उत्तर नाही. जाणकारांनी सांगावं.

प्रतिसाद १:
काढू नका, वयानुसार फोडा. पिल्लांचा हवा घेणारा अवयव जन्मतः तयार नसतो, सुरुवातीचे दिवस ती पाण्यातल्या ऑक्सिजनवरच काढतात. तेव्हा पिल्लांसाठी ऑक्सिजन ठेवा, पण माप घरट्यापाशी आणि अगदी वरच्या थरात घ्या, कारण अंडी तरंगती असतात. तुम्ही मीटर किती खोल सोडला होता?

मोठ्या माशांसाठी त्या जागी ‘मोकळा पृष्ठभाग’ घ्या. जलपर्णीने तळं गच्च झाकलं तर पाणवनस्पतीला पैकीच्या पैकी गुण पडतील आणि मरळीला नाक वर काढायला जागा नसेल. तुमचा ०.९ मला त्यामुळेच खटकतोय.

प्रतिसाद २:
वरच्याशी सहमत. एक पुस्ती: ‘मरळ दिसली म्हणजे जागा चांगली’ असं धरू नका. उन्हाळ्यात आटत्या डबक्यातही ती तग धरते. विणीचा पुरावा बघा: वनस्पती बाजूला सारून केलेली गोल मोकळी जागा, किंवा वर उकळल्यासारखा दिसणारा लालसर पिल्लांचा थवा आणि खाली राखण करणारे आईबाप. घरटी काठालगत असतात, म्हणून त्या दिवसांत पाणी किती उतरतं तेही नोंदवा. आणि भक्ष्य? शिकारी माशाच्या हिशेबात छोटे मासे, बेडूक कुठेच दिसले नाहीत.

मूळ धागाकर्ता:
मीटर तळापासून वीतभर वर होता. चुकलंच. पुढच्या पहाटे वरचा थर आणि तळ दोन्ही मोजतो. भक्ष्यासाठी बारीक आसाची (छिद्रांची) जाळी टाकून बघेन. पाचवा घटक आला की मध्य पुन्हा काढावा लागेल, ते ठीक.

आता एवढंच सांगा: मोकळा पृष्ठभाग मोजायला एक मीटर बाय एक मीटरची तरंगती चौकट पुरेल, की उंचावरून फोटो काढून टक्केवारी काढू? काठाच्या लव्हाळ्यात चौकट नीट बसत नाही.