‘वॉशिंग्टन’: एका स्थलवाचक इंग्रजी आडनावाची व्युत्पत्ती आणि वाटचाल

इंग्रजीतील स्थलवाचक आडनावांपैकी ‘वॉशिंग्टन’ येथे मुद्दाम घेतले आहे, कारण गावाचे नाव माणसाला कोणत्या व्यवहारातून चिकटले याची त्या काळातली लेखी नोंद या आडनावाबाबत उपलब्ध आहे, आणि हे भाग्य फार थोड्या आडनावांच्या वाट्याला येते.

आधी ग्रामनाम पाहू. वॉशिंग्टन हे ईशान्य इंग्लंडमधील, पूर्वीच्या डरहॅम परगण्यातील गाव असून आज ते संडरलँडच्या प्रशासकीय हद्दीत मोडते. धुणे या अर्थाच्या ‘वॉश’ या क्रियापदाशी त्याचा काहीही संबंध नाही. शेवटचा ‘टन’ म्हणजे प्राचीन इंग्रजीतील ‘टून’ होय. त्याचा मूळ अर्थ कुंपण किंवा कुंपण घातलेली जागा असा होता; त्यावरून शेतवाडी, मग वस्ती आणि अखेरीस आजचा ‘टाउन’ असा अर्थविस्तार झाला. जर्मन भाषेतील ‘त्साउन’ हा याच कुळातला शब्द आजही कुंपणालाच म्हणतात. मधला ‘इंग’ हा घटक अमक्याचे किंवा अमक्याच्या माणसांचे असा संबंध दाखवतो. पहिला घटक बहुधा ‘ह्वॅसा’ हे पुरुषनाम असावे. ते ग्रामनामावरूनच अनुमानाने सिद्ध केलेले आहे. थोडक्यात, ह्वॅसाची वाडी. ससेक्समध्येही वॉशिंग्टन नावाचे एक गाव आहे, परंतु त्याच्या मुळाशी ‘वासा’ हे निराळे पुरुषनाम मानले जाते. उच्चार आणि लेखन जुळले म्हणून मूळही एकच असेल असे गृहीत धरता येत नाही, ते यामुळेच.

आता आडनाव. डरहॅमच्या बिशपने ११८३ साली आपल्या जमिनींची जी पाहणी करवली, ती ‘बोल्डन बुक’ या नावाने ओळखली जाते. तिच्यात अशी नोंद आहे की, चर्च आणि चर्चची जमीन वगळता वॉशिंग्टन हे गाव विल्यम द हार्टबर्न (येथे ‘द’ म्हणजे इंग्रजी ‘the’ नव्हे, तर ‘-चा’ या अर्थाचे ‘de’) याच्याकडे असून ते त्याला हार्टबर्न गावाच्या बदल्यात मिळालेले आहे. गावाची अदलाबदल झाली आणि तिच्यामागोमाग नावाचीही झाली. ‘हार्टबर्नचा’ विल्यम आणि त्याचे वंशज पुढे ‘द वेसिंग्टन’ म्हणवले जाऊ लागले. त्या काळी असे उपनाम वंशाची नव्हे, तर जमिनीच्या ताब्याची खूण होते आणि म्हणूनच ते बदलता येत होते. ते पिढ्यान्‌पिढ्या गोठले, आडनाव झाले, ते नंतर.

‘द’ या अव्ययाकडे मराठी वाचकाने विशेष लक्ष द्यावे. ‘चिपळूणकर’ किंवा ‘सातारकर’ यांतील ‘कर’ आजही जागेवर असल्यामुळे आडनाव गावावरून पडले हे ऐकताक्षणी कळते. इंग्रजीत मात्र मध्ययुगाच्या उत्तरार्धात ‘द’ गळून पडले आणि नुसते ग्रामनाम आडनाव म्हणून उरले. त्यामुळे गावाचे नाव माहीत नसेल, तर आडनाव स्थलवाचक आहे याचा पत्ता लागत नाही.

या घराण्याची एक शाखा लँकेशायरमधील वॉर्टन येथे गेली. तिच्यातील लॉरेन्स वॉशिंग्टन हा लोकरीचा व्यापारी नॉर्थॅम्प्टनचा महापौर झाला आणि मठांच्या मालमत्ता जप्त झाल्यानंतर १५३९ मध्ये त्याने सल्ग्रेव्हची जहागीर राजसत्तेकडून विकत घेतली. पुढे सतराव्या शतकाच्या मध्यास जॉन वॉशिंग्टन व्हर्जिनियात स्थायिक झाला. १७३२ मध्ये जन्मलेले जॉर्ज वॉशिंग्टन हे त्याचे पणतू. त्यांच्या नावावरून अमेरिकेची राजधानी आणि एक राज्य ओळखले जाऊ लागले, म्हणजे ग्रामनामापासून बनलेले आडनाव पुन्हा स्थलनाम झाले. घराण्याच्या ढालीवरील दोन तांबडे आडवे पट्टे आणि तीन तांबड्या चांदण्या १९३८ पासून राजधानीच्या ध्वजावर आहेत.

शब्दाची व्युत्पत्ती आणि आडनाव धारण करणाऱ्याचे मूळ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हा माझा मुख्य मुद्दा आहे आणि त्याचा पुरावा अमेरिकेतच मिळतो. २००० सालच्या तिथल्या जनगणनेत हे आडनाव लावणाऱ्या सुमारे १,६३,००० लोकांपैकी जवळपास ९० टक्के कृष्णवर्णीय होते. गुलामगिरीतून मुक्त झालेल्या अनेक कुटुंबांनी ते स्वीकारले. गुलामगिरीत जन्मलेले कृष्णवर्णीय शिक्षणतज्ज्ञ बुकर टी. वॉशिंग्टन यांनी आपल्या आत्मचरित्रात लिहिले आहे की, शाळेत हजेरी घेताना इतर मुलांना दोन-दोन, तीन-तीन नावे असल्याचे त्यांच्या ध्यानात आले आणि शिक्षकांनी विचारताच त्यांनी शांतपणे ‘बुकर वॉशिंग्टन’ असे सांगून टाकले. त्यांच्या सावत्र वडिलांचे नाव वॉशिंग्टन फर्ग्युसन होते. म्हणजे येथे ‘वॉशिंग्टन’ हे आडनाव नसून व्यक्तिनाम होते. तेव्हा आडनावांच्या कोशात ‘वॉशिंग्टन’पुढे केवळ ‘स्थलवाचक’ असा शेरा देणे अपुरे आहे. डरहॅमच्या विल्यमला तो लागू पडतो, बुकर यांना मात्र ‘व्यक्तिनामावरून घेतलेले’ अशी स्वतंत्र नोंदच हवी.