पारंपरिक उपचारांना जागतिक मानके हवीत, पण ती लिहिणार कोण?

डिचोलीकर

पणजीत चर्चसमोरच्या बागेला गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज वैद्याचे नाव आहे. त्याचा औषधी वनस्पतींवरचा ग्रंथ १५६३ साली गोव्यातच छापला गेला. इथल्या वैद्यांना, व्यापाऱ्यांना विचारून त्याने बरीचशी माहिती जमवली होती. चारच वर्षांनी त्या ग्रंथाचा लॅटिन संक्षेप अँटवर्पला निघाला आणि युरोपभर वाचला गेला. माहिती इथली, पण तिचा पुढचा सगळा कारभार तिकडचा. आज मानकांच्या नावाखाली हेच पुन्हा होऊ घातले आहे असे मला वाटते, म्हणून हा धागा.

अ‍ॅक्युपंक्चरचे काय झाले ते पाहा. चीन, जपान आणि कोरिया या तिन्ही देशांत सुया टोचतात, पण ९२ बिंदूंच्या जागांवर त्यांचे एकमत नव्हते. जागतिक आरोग्य संघटनेने तिघांना एकत्र बसवले, २००६ मध्ये जपानातल्या त्सुकुबाला ३६१ बिंदूंची यादी ठरली, आणि तरीही सहा बिंदूंना पर्यायी जागा ठेवाव्या लागल्या. इतकी चिवट चर्चा झाली याचे मला कौतुकच आहे. पुढे २००९ साली आयएसओ या आंतरराष्ट्रीय मानक संघटनेने या विषयाची समिती नेमली. सचिवालय चीनकडे गेले आणि समितीच्या नावात ‘चिनी’ शब्द असावा की नाही यावर २०१५ पर्यंत वाद चालला. शेवटी तो शब्द राहिला. मधल्या काळात, २०१० मध्ये, युनेस्कोच्या वारसा यादीत अ‍ॅक्युपंक्चरची नोंद चीनच्या नावावर झाली होती. एकीकडे मानक, दुसरीकडे वारसा, दोन्ही दारांवर एकाच देशाची पाटी.

मानके नकोत असे मी म्हणत नाही. ती हवीतच. आषाढी अमावास्येला सातविणीच्या सालीचा रस आपल्याकडे अजून कितीतरी घरांत घेतात. साल आणणारा जाणता असतो म्हणून निभावते. तिच्याऐवजी काजऱ्याची साल आली तर पोटात स्ट्रिकनीन हे जहाल विष जाईल. ब्रसेल्समध्ये १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला हेच घडले. वजन घटवण्याच्या चिनी औषधात एका मुळीच्या जागी अ‍ॅरिस्टोलोकिया या विषारी वनस्पतीची मुळी आली आणि शंभरावर रुग्णांची, बहुतेक बायकांची, मूत्रपिंडे खराब झाली. काहींना पुढे मूत्रमार्गाचा कर्करोगही झाला. झाड कोणते, भाग कोणता, मात्रा किती, हे पक्के ठरलेच पाहिजे.

पण ठरवायला बसणार कोण? जामनगरला २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या पारंपरिक औषध केंद्राची पायाभरणी झाली. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये पेडणे तालुक्यातल्या धारगळला अखिल भारतीय आयुर्वेद संस्थेचे उद्घाटन झाले. मोठी आयुर्वेद संस्था आपल्या पेडण्यात आहे. मग सत्तरीतल्या, काणकोणातल्या गाववैदांचे ज्ञान त्यांच्या नावासकट नोंदवून मानकांच्या चर्चेत न्यायचे काम इथूनच का सुरू होऊ नये? उशीर झाला तर वैद जातील, आणि मागे राहील ती दुसऱ्याने लिहिलेली यादी.

मडगावचा डॉक्टर

डिचोलीकर, सुरक्षिततेबद्दल पूर्ण सहमत. बाकीच्याला माझा विरोध आहे.

मानक आणि पुरावा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सुई कशी असावी हे सांगणारे आयएसओचे मानक २०१४ मध्ये आले. निर्जंतुक, एकदाच वापरायची सुई. उत्तम. कावीळ पसरणे थांबते. पण त्या सुईने गुडघा बरा होतो की नाही, हे ते मानक सांगत नाही. रुग्ण मात्र वेष्टनावरचा शिक्का पाहतो आणि उपचारच सिद्ध झाला असे समजतो.

जर्मनीत कंबरदुखीच्या ११६२ रुग्णांवर मोठी चाचणी झाली, २००७ मध्ये निष्कर्ष आले. खऱ्या बिंदूंवर सुया टोचलेल्यांपैकी ४७.६ टक्के रुग्णांना गुण आला, भलत्याच जागी वरवर टोचलेल्यांपैकी ४४.२ टक्क्यांना. मग त्सुकुबातल्या त्या ३६१ जागांचे करायचे काय? जागा चुकली तरी फरक पडत नसेल तर जागांचे प्रमाणीकरण म्हणजे परंपरेचा नकाशा झाला, उपचाराचा नव्हे.

जागतिक आरोग्य संघटनेच्या आंतरराष्ट्रीय रोगवर्गीकरणाचेही तेच. अकराव्या आवृत्तीत चिनी परंपरेवर आधारलेले प्रकरण आले, आणि जानेवारी २०२४ मध्ये आयुर्वेद, सिद्ध, युनानीचा विभाग. आपल्याकडे लगेच ‘जगाने मान्यता दिली’ अशा बातम्या झाल्या. तो संकेतांक मोजणीसाठी आहे. कोणत्या तक्रारीचे किती रुग्ण आले ते कळावे म्हणून.

मला आदर्श वाटतो तो चिनी संशोधक तू यूयू यांचा. जुन्या चिनी ग्रंथातली एक ओळ घेतली, वनस्पती थंड ठेवून अर्क काढला, आर्टेमिसिनिन हे औषध मिळाले आणि मलेरियाचे लाखो रुग्ण वाचले. २०१५ चे नोबेल मिळाले ते परंपरेला शिक्का मारून नव्हे, तिची परीक्षा घेऊन.

म्हापशाची सुई

डॉक्टर, त्याच चाचणीतला तिसरा आकडा तुम्ही सोडलात. नेहमीची औषधे आणि व्यायाम मिळालेल्यांपैकी फक्त २७.४ टक्क्यांना गुण आला. म्हणजे दोन्ही सुया नेहमीच्या उपचारापेक्षा सरस ठरल्या. जर्मन आरोग्य विम्याने जुनाट कंबरदुखी आणि गुडघेदुखीसाठी अ‍ॅक्युपंक्चरचा खर्च द्यायचे ठरवले ते उगाच नाही.

मी हाच व्यवसाय करते, म्हणून माझे मत एकांगी वाटेल. पण मला मानक रुग्णापेक्षाही आधी माझ्यासाठी हवे आहे. आठवडाभराचा वर्ग करून कोणीही पाटी लावतो. छातीवर सुई खोल गेली तर फुप्फुसाला भोक पडते, हे त्याला कोणी शिकवलेले नसते. त्याच्याकडून काही झाले की बोलणी मला ऐकावी लागतात. शेजारच्या महाराष्ट्राने अ‍ॅक्युपंक्चरसाठी वेगळा कायदा केला, केंद्रानेही २०१९ मध्ये स्वतंत्र उपचारपद्धती म्हणून मान्यता दिली. शिक्षण किती वर्षांचे, परीक्षा कोणाची, हे ठरले की निम्मे प्रश्न मिटतील.

आणि चीनची पाटी असली म्हणून मला दुःख नाही. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस ज्या वैद्यकीय पथकातून १९३८ मध्ये चीनला गेले, त्याच पथकातले डॉ. विजयकुमार बसू पुढे पुन्हा चीनला जाऊन ही विद्या शिकले आणि त्यांनी ती कोलकात्यात आणली. ती त्यांची आहे, आपण त्यांच्याकडून शिकलो. असे सरळ म्हणायला काय हरकत आहे?

मडगावचा डॉक्टर

तिसरा आकडा मान्य. पण त्यातून एवढेच दिसते की वेळ देऊन, हात लावून केलेल्या उपचाराचा वेदनेवर परिणाम होतो. बिंदूंचा सिद्धांत त्यातून सिद्ध होत नाही. शिक्षण आणि परीक्षेबद्दल तुमच्या बाजूने मी कुठेही सही करीन.

सत्तरीची लेक

तुम्ही सगळे मानकावर बोलताय. माझ्या घरात आजोबा वैद होते, आता काका आहेत. त्यांचे ज्ञान ‘नोंदवून न्यायचे’ असे डिचोलीकर सहज लिहून गेले, तिथे मी थांबले.

काका कोणाकडून पैसे ठरवून घेत नाहीत. मुळी कुठली ते सांगतही नाहीत. लोक याला लपवाछपवी म्हणतात. पण सांगितल्यावर काय होते ते आम्ही सह्याद्रीत पाहिले आहे. नरक्याचे झाड घ्या. त्याच्या खोडात कॅम्पटोथेसिन असते आणि त्यापासून कर्करोगाची औषधे बनतात. हे रसायन आधी, १९६६ मध्ये, एका चिनी झाडात सापडले. नंतर कळले की आपल्या नरक्यातही ते भरपूर आहे. मग घाटात रात्री कुऱ्हाडी चालल्या, पोती भरून लाकूड गेले. झाड संपले, गावाला मजुरी मिळाली, तीही चोरीची.

कायद्याचा आधार म्हणाल तर २००२ च्या जैवविविधता कायद्यात झाडे आणि ज्ञान वापरून झालेल्या लाभाच्या वाटपाची तरतूद आहे. २०१८ मध्ये उत्तराखंड उच्च न्यायालयाने भारतीय कंपन्यांनाही ती लागू असल्याचे सांगितले. आणि २०२३ च्या दुरुस्तीत ग्रंथांत नोंदलेल्या ज्ञानाला त्यातून सूट मिळाली. आता सांगा, काकांचे ज्ञान उद्या कोणी ‘ग्रंथात’ बसवले तर वाटा उरतो का?

पर्वरीचा वकील

बाय, तुमची शंका रास्त आहे. दुरुस्तीतली सूट ग्रंथबद्ध ज्ञानाला आहे, तोंडी परंपरेला नाही. म्हणून पंचायतीच्या लोक जैवविविधता नोंदवहीतली नोंद आणि छापील संहिता यांत गल्लत होऊ देता कामा नये.

संरक्षणाच्या बाबतीत दोन उदाहरणे लक्षात ठेवा. हळदीचे अमेरिकी पेटंट १९९७ मध्ये रद्द झाले, कारण सीएसआयआर या भारतीय संशोधन संस्थेने जुने लेखी पुरावे दाखवले. त्या अनुभवातून पारंपरिक ज्ञानाचा डिजिटल ग्रंथालय प्रकल्प उभा राहिला. पेटंट अडवायला तो उपयोगी आहे. पण अडवणे आणि वाटा मिळणे वेगळे. वाट्याचे उदाहरण केरळचे. आरोग्यपच्च ही वनस्पती कणी आदिवासींनी संशोधकांना दाखवली, तिच्यापासून ‘जीवनी’ हे औषध झाले आणि परवाना शुल्काचा व रॉयल्टीचा निम्मा हिस्सा कणींच्या ट्रस्टकडे गेला. तरीही जमातीतच वाद झाला, कारण सगळ्यांना विचारून ज्ञान दिले गेले नव्हते.

मे २०२४ मध्ये जागतिक बौद्धिक संपदा संघटनेत नवा करार झाला. पेटंट मागणाऱ्याने जैविक साधन आणि ज्ञान कुठून घेतले ते सांगायचे. चांगली सुरुवात आहे, पण १५ देशांच्या मंजुरीनंतरच तो लागू होतो, आणि केवळ माहिती दिली नाही म्हणून पेटंट रद्द करता येत नाही. फसवणुकीचा हेतू दिसला तरच पुढचा मार्ग खुला राहतो.

डिचोलीकर

सत्तरीची लेक, तुमच्या काकांकडून काही काढून न्यावे असे माझ्या मनातही नाही. पण न नोंदवल्याने नरक्या वाचला नाही, हेही तुमच्याच उदाहरणात आहे. कुऱ्हाड घेऊन आलेल्याला नोंदवहीची गरज नव्हती.

१६७८ मध्ये ‘हॉर्तुस मलबारिकुस’ हा मलबारच्या वनस्पतींवरचा ग्रंथ छापायला सुरुवात झाली तेव्हा डचांनी रंग भट, विनायक पंडित आणि आपू भट या कोचीतल्या कोकणी वैद्यांचे प्रमाणपत्र त्यांच्याच नागरी अक्षरांत छापले. इट्टी अच्युतन या मलबारी वैद्याचेही. म्हणून आज साडेतीनशे वर्षांनी आपल्याला त्यांची नावे ठाऊक आहेत. पैसा त्यांना मिळाला असेल नसेल, पण हे ज्ञान आपले नव्हते असे कोणी म्हणू शकत नाही. मला तेवढे तरी हवे आहे. आणि डॉक्टर, परीक्षा घ्याच. पण परीक्षेला बसणाऱ्या औषधाबरोबर ते देणाऱ्याचे नावही कागदावर असू द्या.

सत्तरीची लेक

नाव पुरत नाही, भाई. मला तीन गोष्टी लेखी हव्यात. पानावर सही काकांची, ते पान कोणाला दाखवायचे ते ठरवणार काका आणि आमचा वाडा, आणि झाड तोडायला येणाऱ्याला अडवायची जबाबदारी वनखात्याची. पंचायतीच्या समितीने हे ठरावात घेतले तर काकांना घेऊन मी स्वतः बैठकीला येईन.

पर्वरीचा वकील

ठरावाचा मसुदा मी कोकणीत आणि मराठीत करून देतो. पहिले कलम सहीचेच ठेवू.