कामाचा ताण आणि मटाराच्या शेंगा

डोंबिवलीकरीण
आज भाजीवाल्याकडे कोवळा मटार दिसला आणि एकदम करी रोडचा पूल आठवला. २०१५ चा डिसेंबर. लोअर परळला नोकरी, वर्ष संपायच्या आत रिपोर्ट हवा, साहेब रात्री साडेअकराला "झालं का?" विचारणार. एका संध्याकाळी पुलावरच छाती धडधडायला लागली, हात गार, घाम. म्हटलं, गेले मी. डॉक्टरांनी ईसीजी काढला, नॉर्मल. म्हणाले ताण आहे, झोप घ्या. (झोप काय वाण्याकडे मिळते?)

त्याच आठवड्यात दादरला फास्ट पकडली. शेजारच्या मावशींनी काही न विचारता शेंगांची पिशवी माझ्या मांडीवर ठेवली. "सोल गं. तो फोन ठेव आत." डोंबिवली येईपर्यंत अर्धा किलो सोलला. मेसेज बघायला हात मोकळाच नव्हता! त्या रात्री बऱ्याच दिवसांनी झोपले. पुढे मार्चपर्यंत रोज काहीतरी निवडायचं, मेथी, पावटे, लसूण. मटाराने ताण गेला असं नाही, नोकरी शेवटी बदलावीच लागली. पण तेवढा प्रवास माझा होता.

तुमचं काय? दारू-सिगरेट सोडून सांगा, ते सगळ्यांना येतं.

भटका बोका
मटार काय भाव?

डोंबिवलीकरीण
भाव नको विचारूस, धाग्याचा विषय ताण आहे.

मार्चएंड
बँकेत आहे, आयडीवरून कळलंच असेल. शिवाजी पार्कचा कट्टा. एक फेरी साधारण सव्वा किलोमीटर. पहिल्या फेरीत मॅनेजरला मनातल्या मनात शिव्या, दुसरीत कर्जाच्या फायली, तिसरीला कुणाचा तरी टेनिस बॉल पायात येतो आणि मी माणसात येतो. बायकोनेच नियम केलाय, आधी पार्कात जा, मग घरी ये. पूर्वी थेट घरी यायचो आणि पोराच्या गृहपाठावर निघायचं सगळं. त्याचं अक्षर खरंच वाईट आहे, पण तेवढं नाही.

रातराणी
वॉर्डात नर्स आहे. पेशंट गेला की त्याच्या नातेवाइकांसमोर रडता येत नाही, घरी सांगावं तर सासूबाई म्हणतात जेवताना नको. आम्ही तिघी नाइट संपली की गेटबाहेरच्या टपरीवर जातो. पहिला चहा वॉर्डबद्दल, जे काय असेल ते बोलून टाकायचं. दुसऱ्या चहाला वॉर्ड बंद. दुसऱ्या चहाला मग सासूबाई
निघते, ड्यूटी आहे

अंधेरी पूर्व
आमचे सासरे हास्यक्लबवाले. ते खूळ आपल्या अंधेरीचंच बरं का, १९९५ मध्ये डॉ. मदन कटारियांनी लोखंडवालात पाच जणांना घेऊन सुरू केलं. मी एकदा गेले, हात वर करून हो हो हा हा हा. मला काही हसू येईना. मग शेजारच्या काकांची कवळी सुटली. नंतर थांबवता येईना मला.

कोपरा
सगळ्यांचं छान आहे पण मला चालणं वगैरे पुरलं नाही, म्हणून लिहितोय. २०२३ मध्ये टार्गेटच्या नावाखाली आठ महिने रविवारसुद्धा ऑफिस. जेवण जाईना, लोकलच्या दारात उभं राहिलं की नको ते विचार. एकदा रात्री दोनला १४४१६ ला फोन केला. सरकारची टेलीमानस हेल्पलाइन, फुकट आहे, चोवीस तास, मराठीत बोलता येतं. पलीकडच्या बाईंनी घाई केली नाही. मग महापालिकेच्या हॉस्पिटलात मानसोपचारची ओपीडी, केसपेपर काढून रांगेत. गोळ्या वर्षभर. आई नातेवाइकांना सांगायची, पित्ताचं औषध चालू आहे. आता बरा आहे. आईचं पित्त अजून चालू आहे.

डोंबिवलीकरीण
कोपरा, बरं झालं लिहिलंत. खरं तर मीही तेव्हाच दाखवायला हवं होतं कुणाला तरी.

मार्चएंड
+१. नंबर सेव्ह केला. आमच्या शाखेत एकजण आहे, त्याला कसं सांगावं विचार करतोय.

कोपरा
सांगू नका, चहाला न्या आधी.

विरार फास्ट
आमच्या डब्यात भजन. टाळ वाजवताना साहेबाचा चेहरा डोळ्यांसमोर आणायचा, ठेका आपोआप धरला जातो.

अंधेरी पूर्व
तुमचे टाळ म्हणजे आमचा ताण. जरा डुलकी लागली की सुरू!

विरार फास्ट
ताई, डब्बा बदला. भजन नाही बदलणार.

भटका बोका
त्या मावशी पुन्हा भेटल्या का?

डोंबिवलीकरीण
लॉकडाऊनपर्यंत भेटायच्या अधूनमधून. नाव कधी विचारलंच नाही. अंबरनाथला उतरायच्या एवढं माहीत.

भटका बोका
माझी आई अंबरनाथचीच. दादरला नोकरीला होती आणि दुसऱ्यांना कामाला लावायची सवय तर जुनीच. विचारून सांगतो. तोवर मटाराच्या करंजीत ओलं खोबरं घालतेस की नाही ते सांग, घरी वाद चालू आहे.