आयर्लंडच्या प्रादेशिक शैली संपल्या? कोण म्हणतं?

डब्लिनकर: काल इथे वाचलं की आयरिश पारंपरिक संगीतातल्या प्रादेशिक शैली कधीच मेल्या, त्यांचे उत्सव करणं म्हणजे निव्वळ पर्यटन. राहवलं नाही. कॉर्क-केरीच्या सीमेवरच्या श्लीव्ह लूक्रात जाऊन पोल्का आणि स्लाइड या नाचाच्या धुना ऐका, मग बोला. तिथले पॉड्रिग ओ'कीफ (१८८७-१९६३) घरोघरी फिरून फिडल (व्हायोलिन) शिकवायचे. नोटेशनही त्यांचं स्वतःचं: स्वरलिपीच्या पाच रेघांमधल्या चार मोकळ्या जागा म्हणजे फिडलच्या चार तारा, आणि त्यात बोटांचे आकडे. डेनिस मर्फी आणि ज्युलिया क्लिफर्ड ही भावंडं याच तालमीतली. त्यांचा ठेका आजही त्या भागात पाय हलवतो.

तबकडीवाला: ते मीच लिहिलं होतं आणि अजूनही तेच म्हणतो. स्लिगोचा फिडलवादक मायकेल कोलमन न्यूयॉर्कला गेला, १९२०च्या दशकापासून तिथे त्याच्या ७८ फेऱ्यांच्या तबकड्या निघाल्या. त्या मायदेशी पोचल्या आणि गावोगावचे वादक आपलं सोडून त्याची नक्कल करू लागले. शैली मारली ती रेकॉर्डिंगने. आता उत्सव करून काय उपयोग?

फिडलची आई: डोनेगलला विसरलात. तिथली माणसं हंगामी मजुरीला स्कॉटलंडला जायची, येताना सुरावटी घेऊन यायची. म्हणून तिथे 'हायलंड' नावाच्या स्कॉटिश वळणाच्या नाचाच्या धुना वाजतात, आणि बो (गज) एकेका स्वराला तुटक चालतो. तिथले फिडलवादक जॉन डोहर्टी कल्हई-पत्र्याची कामं करत फिरायचे, ज्या घरी उतरतील तिथे वाजवायचे. तबकड्या त्यांच्या काळातही होत्याच की! खरी शत्रू स्पर्धा आहे. माझ्या मुलीला एका परीक्षकाने सांगितलं, 'बो फार तोडतेस, गुळगुळीत कर.' अहो, तीच तर डोनेगलची ओळख! पोर महिनाभर फिडलला शिवली नाही.

मलिंगरकर: एका परीक्षकावरून सगळ्या स्पर्धांना झोडू नका. १९५१ साली कोल्टस ही पारंपरिक संगीत जपणारी संस्था उभी राहिली तेव्हा हे संगीत कोण ऐकत होतं? खेडी ओस पडत होती. तिच्या फ्लाच्या, म्हणजे स्पर्धा असलेल्या संगीत उत्सवाच्या, निमित्ताने तरी माणसं एकत्र आली.

फिडलची आई: एकत्र आली आणि एकसारखी वाजवायला लागली! गुण द्यायचे तर मोजपट्टी एकच लागते. तुमची मुलं बक्षिसं आणतात म्हणून तुम्हाला ते दिसत नाही.

मलिंगरकर: माझ्या मुलांना मध्ये आणू नका. मोठा फ्लासाठी रोज दोन तास बसतो, नाहीतर कधीच सोडलं असतं त्याने.

डब्लिनकर: मूळ मुद्दा राहिला. १९३५च्या डान्स हॉल कायद्याने सार्वजनिक नाचाला परवाना लागू लागला, त्याच्या आधाराने घरातले नाचही बंद पाडले गेले, तो घाव तबकडीपेक्षा खोल. तरी फिडलवादक मार्टिन हेजला ऐका, पूर्व क्लेअरची ती संथ, हुरहुर लावणारी चाल जगभर पोचली.

तबकडीवाला: बरं, हेजपुरतं मान्य. पण तो टला केली बँड या नाचाच्या वाद्यवृंदातल्या बापाच्या घरात वाढला. असं घर नसलेल्या पोराने कुठे जायचं?

फिडलची आई: ऑगस्टमध्ये डोनेगलमधल्या ग्लेनकॉलमकिलच्या फिडल-वर्गाला. तिथे म्हातारे समोर बसवून शिकवतात, आणि गुण कोणी देत नाही. मलिंगरकर, तुमच्या मोठ्यालाही पाठवा.